आधी पाणी, मग वारा, शेवटी उजेड

खान्देशात लाईट जाण्याचा एक ठरलेला हंगाम आहे. मे संपत येतो, रोहिणी नक्षत्र लागतं, दुपारभर हवा कोंडल्यासारखी राहते. चार-साडेचारच्या सुमारास सातपुड्याच्या अंगाने आभाळ काळवंडतं आणि वावधन, म्हणजे वादळी वारं, सुटतं. अर्ध्या तासात रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या केळीच्या बागा आडव्या होतात. निंबाच्या फांद्या तारांवर येतात, गोठ्यांचे पत्रे उडून लाईनमध्ये अडकतात, खांब बुडातून मोडतात. अशा संध्याकाळी गेलेली लाईट रात्री येत नाही. दुसऱ्या दिवशी येईलच असंही नाही. गावाच्या टोकाला राहणाऱ्यांना तिसरा-चौथा दिवस उजाडतो.

मी चोपडा तालुक्यातल्या अशाच एका टोकाच्या आळीत राहते. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. गोठ्यात दोन म्हशी, वावरात केळी. दरवर्षी मे लागला की आमच्याकडे या दिवसांची तयारी सुरू होते. बाहेरगावचं कुणी आलं की पहिला प्रश्न हमखास असतो, "इन्व्हर्टर आहे ना घरात? मग काय काळजी?" मला हा प्रश्न फार अपुरा वाटतो. लाईट म्हटलं की आपल्याला दिवा दिसतो, म्हणून तयारीही दिव्यापासून सुरू होते. मेणबत्त्या, टॉर्च, इन्व्हर्टर. आमच्या मुलखात, त्यातही या हंगामात, उजेड ही शेवटची गरज आहे. जूनच्या सुरुवातीला सूर्य सातच्या पुढे मावळतो आणि सकाळी सहाच्या आत उगवतो. मधल्या अंधारात माणसं झोपलेलीच असतात. चार दिवस लाईट नसण्याचा खरा अर्थ आहे चार दिवस पाणी नसणं, आणि ते 42-43 अंशांच्या उन्हात.

माझ्या सासूबाईंना सगळं गाव माय म्हणतं. आभाळ भरून आलं की त्यांचं एकच सांगणं असतं, "पयले पानी भरी ले, दिवा मंग लाव." माझ्या मते या विषयावरचं इतकं नेमकं दुसरं कुणी काही सांगितलेलं नाही.

लाईट यायला इतका वेळ का लागतो, हे घरातल्या प्रत्येकाला कळलेलं बरं. आमच्याच जिल्ह्यात भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे, तापीवरच्या हतनूर धरणाचं पाणी त्याला जातं. लहानपणी मला वाटायचं, वीज इथेच तयार होते तर आपल्याकडे ती जायलाच नको. पण दीपनगरची वीज थेट आपल्या घरात येत नाही. ती मोठ्या मनोऱ्यांवरून देशभराच्या जाळ्यात जाते. तिथून 33 केव्हीच्या लाईनने सबस्टेशनला, सबस्टेशनमधून 11 केव्हीच्या फीडरने गावागावांत, मग डीपीवर, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, आणि डीपीपासून साध्या तारांनी आपल्या मीटरपर्यंत येते. वादळात मनोरे सहसा टिकतात, मोडतात ते शेवटच्या टप्प्यातले खांब. दुरुस्ती मात्र वरून खाली येते. आधी 33, मग 11, मग डीपी, मग आळीची लाईन, सगळ्यात शेवटी एखाद्याच घराची तुटलेली सर्व्हिस वायर. एक फीडर सुरू झाला की हजारो घरं उजळतात, म्हणून हा क्रम योग्यच आहे. आपण शेवटी आहोत एवढं ओळखून तयारी करायची.

लोडशेडिंगचे दिवस आठवतात. 2005 च्या पुढची काही वर्षं गावाकडे बारा-बारा तास लाईट नसायची. पण तिचं वेळापत्रक होतं. कोणत्या आठवड्यात सकाळची पाळी, कोणत्या आठवड्यात रात्रीची, हे पोरांनाही तोंडपाठ असायचं. दळण त्या वेळा बघून व्हायचं, हौद त्याच वेळा बघून भरायचे, घरोघरी कंदिलाच्या काचा पुसलेल्या असायच्या. रेशनला रॉकेल मिळायचं. तो त्रास मोठा होता, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण त्या त्रासाने घराला एक सवय लावली होती आणि लाईट सुधारल्यावर ती मोडली. आता वीज बहुतेक वेळ असते म्हणून हौदाऐवजी गच्चीवर टाकी आली, पाट्याची जागा मिक्सरने घेतली, रांजण गेला आणि फ्रीज आला. यातलं काहीच वाईट नाही. फक्त एका तारेवर घराचं किती ओझं आहे ते वर्षातून एकदा मोजून बघायला हवं.

पाण्याचा हिशोब मी अगदी कागदावर करते. आपत्तीच्या काळात माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी लागतं, असं मदतकार्य करणाऱ्या संस्था जगभर धरतात. पिणं, स्वयंपाक, जेमतेम धुणं-नाहणं एवढंच त्यात बसतं. आम्ही सहा माणसं, म्हणजे चार दिवसांचे 360 लिटर. उन्हाळ्यात दुभत्या म्हशीला दिवसाला 60 लिटर तरी पाहिजे. दोन म्हशींचे चार दिवसांचे 480. माणसांपेक्षा जनावरांचं पाणी जास्त होतं, आणि ज्या घरात गोठा आहे तिथली गच्चीवरची 500 लिटरची टाकी अडीच दिवसांच्या आत कोरडी पडते. शिवाय मे महिन्यात त्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, म्हैस त्याला तोंड लावत नाही. म्हणून गोठ्याजवळ सावलीत, जमिनीच्या पातळीवर असलेला हौद आम्ही बुजू दिला नाही. नव्या घराच्या वेळी गवंड्याने दोनदा विचारलं होतं, हे कशाला ठेवता? आज आळीतली चार घरं त्याच हौदावर निभतात.

गावात हापशी आहे, पण तिच्या भरवशावर राहता येत नाही. हापशी साधारण दीडशे फुटांपर्यंतचं पाणी ओढते. या केळीपट्ट्यात बोअरचं पाणी त्याच्या कितीतरी खाली गेलंय, तिथून ते मोटरच उचलू शकते. मोट, रहाट या आता चित्रातल्या गोष्टी. थोडक्यात, तहान भागवणंसुद्धा त्या तारेलाच बांधलेलं आहे. चौथ्या दिवसाची सोय ट्रॅक्टरवर चालणाऱ्या जनरेटरने होते. तालुक्यात तो भाड्याने मिळतो. एकट्या घराला परवडत नाही, पण आळीने मिळून आणला तर दोन तासांत सगळ्यांचे हौद भरतात. हे बोलणं मे महिन्यातच करून ठेवायचं. वादळाच्या दुसऱ्या दिवशी जनरेटरवाला कुणाचाच फोन उचलत नाही, कारण तो पाच गावांत अडकलेला असतो.

साठवलेलं पाणी प्यायला ठेवायचं तर भांडं घासून, झाकण लावून, आणि आत हात न बुडवता काढायचं. लांब दांड्याचा ओगराळा ही फार शहाणी वस्तू आहे. पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून नितळू द्यायचं, पण तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. त्यासाठी उकळणं किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारं क्लोरिनचं औषध. पहिल्या पावसानंतर जुलाबाची साथ येते ती याच दिवसांत. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण मी ओट्याच्या भिंतीवर लिहूनच ठेवलंय. चमचे चहाचे. मीठ अंदाजाने टाकायचं नाही.

आता वाऱ्याचं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. बाहेरच्या माणसाला तो आकडा वाटतो, आम्हाला तो दुपारी पत्र्याच्या दाराची कडी हातात घेता न येणं म्हणून माहीत असतो. इतक्या कोरड्या गरमीत नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो. ओलं फडकं मानेवर ठेवून तोच पंखा लावला तर फरक पडतो, आणि पंखा नसला तरी ओलं फडकं काम करतं. पाणी का आधी, त्याचं हेही एक कारण.

आमच्या घराचा पुढचा भाग स्लॅबचा आहे, मागची एक खोली जुनी, धाब्याची. मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, वर लाकडी कड्या, त्यावर काटक्या आणि खारी माती. घर बांधताना ती पाडायची ठरली होती. नाना, म्हणजे माझे सासरे, अडून बसले. ते फारसं बोलत नाहीत, त्या दिवशीही फक्त भिंतीला पाठ लावून बसून राहिले. आज मे महिन्याच्या दुपारी त्या खोलीत पाय ठेवला की हवेतला फरक कातडीला कळतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो, मातीचं धाबं ती आत येऊच देत नाही. लाईट नसते तेव्हा आमचं सगळं घर दुपारभर तिथे असतं. आळीतली बाळंतीण, तिचं बाळ, दम्याचे शेजारचे काका, सगळे तिथेच. ज्यांच्याकडे अशी खोली उरली आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, ती पाडू नका. नसेल त्यांनी उन्हाळ्याआधी स्लॅबला पांढरा चुना मारावा. खर्च थोडा, खालच्या खोलीत जाणवणारा फरक मोठा.

मायला इन्सुलिन आहे. तयारीतली सगळ्यात नाजूक वस्तू ती. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत राहायला हवी. चालू असलेली बाटली बाहेर ठेवता येते, पण तीही 25-30 अंशांच्या आत, आणि साधारण चार आठवडे. नेमकं किती ते पाकिटावरच्या चिठ्ठीत असतं, ते वाचावं, औषधाच्या दुकानात विचारावं. लाईट गेल्यावर बंद फ्रीज तीन-चार तास गारवा धरतो, दार उघडझाप केली तर तेवढाही नाही. मग आमच्याकडे मडकं निघतं. मोठ्या तोंडाची मातीची कुंडी, तिच्यात नदीची ओली वाळू, वाळूत बसवलेलं लहान मडकं, त्यात घट्ट झाकणाच्या डबीत इन्सुलिन आणि बाजूला छोटा थर्मामीटर. वरून ओलं गोणपाट. दिवसातून दोनदा वाळूवर तांब्याभर पाणी. बाहेर 43 असताना आतला काटा 27-28 वर थांबलेला मी पाहिला आहे. मायने पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, आम्ही लोणी असंच ठेवायचो.

याला एक मर्यादा आहे, ती सांगितलीच पाहिजे. हवा कोरडी असेल तोवरच मडकं गार राहतं. वावधनाबरोबर पाऊस झाला की एक-दोन दिवस हवा दमट होते आणि मडक्याचा जोर कमी पडतो. तेव्हा तालुक्याहून बर्फ आणून थर्मासमध्ये ठेवायचा, आणि इन्सुलिन बर्फाला टेकू द्यायचं नाही, मध्ये कापडाची जाड घडी घालायची. एकदा गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी उपयोगाचं राहत नाही. तसंच, कुणाच्या घरी ऑक्सिजनचं मशीन किंवा वाफेचं नेब्युलायझर विजेवर चालत असेल तर त्या घराने डॉक्टरांशी आधीच बोलून पर्याय ठरवावा, आणि आळीलाही ते माहीत असावं. आमच्या आळीत अशी कोणती घरं आहेत ते आम्हा बायकांना पाठ आहे. लाईट गेल्यावर पहिली चक्कर तिकडे.

दळणाचा विचार कुणी करत नाही, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डब्यात पीठ नाही हे लक्षात येतं. गिरणी विजेवर. गावभर लाईट नाही म्हणजे गावभर पीठ नाही. म्हणून मेच्या शेवटी दादरचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, आठ-दहा दिवसांचं पीठ दळून ठेवायचं. बाजरीचं नाही, ते उन्हाळ्यात चार दिवसांत कडू होतं. कळण्याचं थोडं वेगळं दळावं. ज्वारी आणि उडदाची ती भाकरी लाल मिरचीच्या ठेच्याबरोबर आणि कच्च्या कांद्याबरोबर खाल्ली की दुसऱ्या कालवणाची गरज पडत नाही, आणि सकाळची भाकरी रात्रीही खाता येते. उन्हाळी वाळवणं, बिबडे, कुरडया, तेव्हाच डब्यात भरलेली असतात. खलबत्ता माळ्यावरून खाली आणायचा. गॅसची टाकी अर्ध्यावर असेल तर दुसरी भरून घ्यायची, आणि चुलीसाठी पऱ्हाटीचा भारा पावसात न भिजेल असा आडोशाला ठेवायचा. फ्रीजमधलं दूध पहिल्याच रात्री विरजायचं. ताक हेच त्या दिवसांतलं खरं पेय.

इथवर आल्यावर आता इन्व्हर्टर. मी त्याच्या विरोधात नाही, आमच्याकडे आहे. पण त्याचं गणित दुकानदार नीट सांगत नाहीत. 150 एएचची 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. ती पूर्ण रिकामी करायची नसते, थोडी वीज इन्व्हर्टर स्वतः खातो, म्हणजे हाताशी 1100-1200 धरा. जुना छताचा पंखा 75 वॅट घेतो. असे दोन पंखे आणि 9 वॅटचे तीन दिवे चालवले की साडेसहा तासांत बॅटरी बसते. पहिली रात्र कशीबशी निघते, पुढच्या रात्री काही नाही. तेच पंखे बीएलडीसीचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, असले तर एकेक 30 वॅटच्या आसपास घेतो. मग तीच बॅटरी तेरा तास जाते, म्हणजे दोन रात्रींची झोप. माझं मत स्पष्ट आहे: दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. आणि उन्हाळा लागताना बॅटरीतलं पाणी बघा. त्यात डिस्टिल्ड वॉटरच टाकायचं, नळाचं किंवा फिल्टरचं नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत गावात छपरांवर सोलर दिसायला लागलं. केंद्राची सूर्यघर योजना 2024 मध्ये आली, तीन किलोवॅटच्या संचाला 78 हजारांपर्यंत अनुदान मिळतं, बिल खरंच कमी येतं. पण ते बसवणाऱ्या कितीतरी लोकांना एक गोष्ट माहीत नसते. साधा, ग्रीडला जोडलेला संच लाईट गेली की आपोआप बंद पडतो. डोक्यावर ऊन तळपतंय, पॅनल चकाकतायत आणि खाली पंखा थांबलेला. लोक चिडतात, संच खराब निघाला म्हणतात. संच खराब नसतो. तो मुद्दाम तसा केलेला असतो, कारण आपल्या छपरावरची वीज बंद लाईनमध्ये उलटी शिरली तर खांबावर चढलेला माणूस मरतो. लाईट नसतानाही सोलर चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि ते ऑर्डर देतानाच सांगावं लागतं.

जनरेटरचंही तेच. काही जण दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर सरळ घरातल्या सॉकेटला जोडतात. मेन स्विच बंद करायचं राहिलं तर ती वीज मीटरमधून बाहेर जाते, डीपीत उलटी चढते आणि पलीकडे 11 हजार व्होल्ट होऊन बसते. तिथे काम करणारा वायरमन आपल्याच गावचा असतो. दोन रात्री तो झोपलेला नसतो, अंगावरचा शर्ट घामाने कडक झालेला असतो, आणि लाईन बंद आहे या विश्वासावर तो तारेला हात लावतो. जनरेटर जोडायचा तर चेंजओव्हर स्विच बसवूनच, आणि तो ठेवायचा मोकळ्यावर. ओसरीत किंवा बंद खोलीत ठेवला तर त्याच्या धुरातला विषारी वायू झोपेत जीव घेतो, वासही येत नाही.

तुटून पडलेल्या तारेजवळ कुणाला जाऊ द्यायचं नाही, लाईट नसली तरी. कपडे वाळत घालायची तार खांबाला बांधलेली असेल तर वादळाआधीच सोडायची. तक्रारीसाठी 1912 लावायचा, बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक आधी कागदावर उतरवून ठेवायचा, आणि आपली डीपी कोणती, आपला फीडर कोणता, हे माहीत असायला हवं. नुसतं "आमच्याकडे लाईट नाही" म्हटलं तर त्या दिवशी त्याला काही अर्थ नसतो. मोबाईलचा टॉवरही बॅटरीवर काही तासच तग धरतो, म्हणून फोन पहिल्या तासातच करायचा. नानांचा सेलवरचा रेडिओ अजून जळगाव केंद्र पकडतो, त्याला नवे सेल घालून ठेवतो.

लाईट आल्यावर पोरं आळीभर ओरडत पळतात, "लाईट उनी! लाईट उनी!" त्या वेळी घाई करायची नाही. वादळानंतर न्यूट्रलची तार तुटलेली असली तर 230 च्या जागी घरात 400 च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं, आणि फ्रीज, टीव्ही, मोटर एका क्षणात जातं. लाईट गेली तेव्हाच मेन स्विच खाली करायचा. आली की आधी एक बल्ब लावून दहा-पंधरा मिनिटं बघायचं, तो भगभगीत तर नाही, मंद तर नाही. मग एकेक करत बाकीचं. मोटर सगळ्यात आधी लावावीशी वाटते, पण पंधरा मिनिटं थांबलं तर ती जळत नाही.

वावराचं मात्र घरासारखं भागवता येत नाही. मेमध्ये केळीला रोज पाणी लागतं, निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, बागेला तर एका दिवसाचा खंडही सोसत नाही. शेतीच्या फीडरचं काम गावठाणाच्या नंतर होतं. आम्ही शेततळं केलं, पण ड्रिपला दाब द्यायला शेवटी पंप लागतोच. यंदा सौर पंपासाठी अर्ज भरलाय. तो आला तर दिवसा तरी तारेची वाट बघावी लागणार नाही.

या वर्षी रोहिणी लागायला अजून तीन आठवडे आहेत. हौद घासून झाला, दादर ऊन दाखवून ठेवली. शाळेजवळचा निंब 11 केव्हीच्या तारेला टेकलाय, त्याच्या फांद्या लाईन बंद करूनच काढाव्या लागतील. त्यासाठी आळीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज सोमवारी सबस्टेशनला द्यायचा आहे. दोन सह्या राहिल्यात, त्या घेण्यासाठी संध्याकाळी निघते.